अर्धवट सोडलेली १९६८ ची पाँटियाक जीटीओ, घेऊ का?

नोव्हीकर

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण गेले दहा दिवस डोक्यात दुसरं काही शिरतच नाहीये.

मिशिगनला येऊन सतरा वर्षं झाली. इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, फर्नडेलपासून पार पाँटियाक शहरापर्यंत जुन्या गाड्यांची नुसती रांग. पहिल्या वर्षी ऑफिसातला एकजण घेऊन गेला, घडीच्या खुर्च्या टाकून फुटपाथवर बसलो होतो, सिग्नलला एक हिरवी जीटीओ येऊन थांबली आणि ती नुसती उभी असताना माझ्या खुर्चीची दांडी हाताखाली थरथरत होती. गाडी निघून गेली तरी मी दांडीवरचा हात काढला नाही. तेव्हापासून हे वेड आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. १९६४ साली त्यांच्याच पाँटियाक ब्रँडच्या लोकांनी आपल्या लेमान्स या मॉडेलमध्ये ३८९ घनइंचाचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून बसवलं आणि तिला जीटीओ म्हटलं, मसल कारचं (मधल्या आकाराची गाडी, दांडगं इंजिन) युग तिथून सुरू झालं असं बहुतेक लोक मानतात. १९६८ ला बॉडी पूर्ण बदलली, ४०० घनइंचाचं व्ही-८, ३५० हॉर्सपॉवर, आणि पुढचा बंपर क्रोमचा नाही तर गाडीच्याच रंगाचा, रबरासारखा, एन्ड्युरा म्हणतात त्याला. मला ६८ च हवी आहे ती त्या नाकासाठी. त्या वर्षी ८७,६८४ बनल्या त्यामुळे अगदी दुर्मिळ नाही, सुटे भाग नवे बनवलेले मिळतात.

तर आता मुद्दा. फ्लिंटच्या बाजूला सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ विकतायत. १९९७ साली त्यांनी गाडी खोलली आणि तेव्हापासून ती तशीच आहे. चासी चार चाकांवर, बॉडी वर ठेवलेली, दारं भिंतीला टेकवलेली, इंजिन स्टँडवर ताडपत्रीखाली, आणि उरलेली सगळी गाडी खोक्यांत आणि कॉफीच्या डब्यांत. ९,५०० डॉलर म्हणतायत. माझं बजेट गाडी धरून ३० हजार, चार-पाच वर्षांत पसरून. ब्रेक, क्लच, कूलिंग हे मी स्वतः करतो, वेल्डिंग येत नाही. शनिवारी बघायला जायचंय. काय काय बघू?

पत्र्याचा माणूस

नोव्हीकर, अभिनंदन आणि जरा थांब. मी चिंचवडचा, आता स्टर्लिंग हाइट्स, नोकरी बॉडी इंजिनिअरिंगमध्ये आणि घरच्या गॅरेजमध्ये आत्तापर्यंत दोन पूर्ण केल्या, तिसरी चालू आहे. तुला एकच सांगतो, बघायचा क्रम उलटा कर. सगळे जाऊन पहिल्यांदा इंजिन बघतात. इंजिन सगळ्यात शेवटी. आधी कागद, मग पत्रा, मग खोकी.

कागद म्हणजे टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी दाखला), त्या माणसाच्या नावावरचं आणि मूळ प्रत. ६८ पासून कारखान्याने दिलेल्या नंबरची (व्हीआयएन) पट्टी डॅशबोर्डवर काचेतून दिसते अशी ड्रायव्हरच्या बाजूला असते. पहिले तीन आकडे २४२ असायलाच हवेत, २४२ म्हणजे जीटीओ. २३७ दिसलं तर ती लेमान्स, मग वर कितीही जीटीओचे बॅज लावलेले असोत. पुढचे दोन ३७ म्हणजे हार्डटॉप (पक्कं छप्पर, बाजूच्या काचांमध्ये खांब नाही), मग ८ म्हणजे ६८ साल, मग कारखान्याचं अक्षर. पट्टीवरचा नंबर आणि टायटलवरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळव, फोटोवरून नाही, तिथे उभं राहून.

पाँटियाकवाल्यांचं एक नशीब आहे, पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे नंबर पाठवला की कारखान्यातून निघताना गाडीला काय काय लावलं होतं त्या बिलाची प्रत मिळते. शेव्हरलेवाले यासाठी तरसतात. गाडी घ्यायच्या आधी मागव, नंतर नाही.

मग पत्रा. एक साधा फ्रिजचा लोहचुंबक घे, पातळ कापडात गुंडाळ म्हणजे चरे पडणार नाहीत, आणि मागच्या चाकाच्या मागे खालून वर फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. या गाड्या इथल्या मिठाच्या रस्त्यांवर फिरल्यात. डिक्कीची फरशी, मागच्या काचेची पन्हळ, चासी मागच्या अ‍ॅक्सलवर जिथे कमान घेते तो भाग, हे डोळ्यात तेल घालून बघ. छपरावर कधीकाळी रेक्झिन असेल तर त्याखाली पाणी धरून काचेची पन्हळ हमखास सडते. आणि तो एन्ड्युरा बंपर बोटाने दाबून बघ, बारीक भेगा असल्या तर वरून रंग मारून भागत नाही, काही दिवसांनी त्याच भेगा वर येतात.

खोक्यांबद्दल रात्री लिहितो, मुलीला स्विमिंगवरून आणायचंय.

जर्सीवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पूर्ण झालेली घ्या. मी तीन वर्षं हिशोब ठेवला होता एका मस्टँगचा आणि मग ठेवणं बंद केलं. रंगाचं काम नीट करून घ्यायचं तर मला मागच्या वर्षी दोन ठिकाणी १८ आणि २३ हजार सांगितले, त्यात पत्र्याचं काम धरलेलं नाही. इंजिन सहा-आठ हजार. क्रोम वेगळं, सीट वेगळ्या, वायरिंग वेगळं. तुमचे ३० हजार तिसऱ्या वर्षी संपतील आणि गाडी तेव्हाही गॅरेजमध्येच असेल. दुसऱ्याने पैसे आणि वर्षं घालून पूर्ण केलेली गाडी त्याच्या खर्चाच्या अर्ध्या किमतीत मिळते, ती घ्या आणि येत्या ऑगस्टमध्ये वुडवर्डला न्या.

नोव्हीकर

@जर्सीवाला, राग कसला, आकडे दिलेत त्याबद्दल उलट आभार. पण मला ती करायची आहे. दिवसभर स्क्रीनवर गाडीचे भाग फिरवतो मी, हाताला काही लागत नाही. तयार गाडी घेतली तर मी फक्त मालक होईन. रंग बाहेर देणार नाही हे ठरवलंय, आणि कम्युनिटी कॉलेजला संध्याकाळचा वेल्डिंगचा कोर्स आहे त्यात नाव घातलंय.

धुरकट

माझा अनुभव सांगतो म्हणजे निदान एकजण तरी वाचेल. २०१६ ला ओहायोतून अर्धवट कॅमेरो घेतली, ६९ ची. मस्त राखाडी प्रायमर मारलेला, गुळगुळीत, विकणारा म्हणाला बॉडी झालीये, फक्त रंग मारायचा बाकी. मला तेच हवं होतं. घरी आणून ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून घासायला घेतली आणि दाराच्या खालच्या कडेला कागदाखाली एकदम मऊ लागलं. खरवडत गेलो तर अर्धा इंच पुट्टी, तिच्याखाली जाळी, जाळीखाली काहीच नाही. दोन्ही बाजूंना तेच. वर साधा प्रायमर पाणी पितो, कितीतरी महिने तो उघड्यावर होता, त्यामुळे जिथे पत्रा चांगला होता तिथेही खालून गंज धरलेला. शेवटी सगळा प्रायमर उतरवून दोन्ही क्वार्टर पॅनल (मागच्या चाकांवरचे बाजूचे पत्रे) नवे लावले. ज्याने हे केलं त्याला माहीत होतं आणि त्याने मला तोंडावर सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं, पैशांपेक्षा जास्त.

म्हणून म्हणतो, ताजा प्रायमर दिसला तर सावध व्हा. उघडा गंजका पत्रा बरा, निदान जे आहे ते दिसतं.

पत्र्याचा माणूस

+१ धुरकट. अगदी हेच.

आता खोकी. बारका माल मोठ्यांपेक्षा महाग पडतो हे लक्षात ठेव. फेंडर नवा मिळतो, हूड म्हणजे बोनेट नवं मिळतं, पण एखादी विवक्षित बिजागरी, काच वरखाली करायचं रेग्युलेटर, बंपरच्या आतल्या पट्ट्या, यासाठी लोक सहा-सहा महिने स्वॅप मीट (जुन्या सुट्या भागांचे बाजार) पालथे घालतात. कारखान्याचं असेंब्ली मॅन्युअल पुन्हा छापलेलं मिळतं, ते शनिवारच्या आत मिळालं तर घे, पानं उलटत एकेक खोकं तपास. म्हाताऱ्याला सांग मला तीन तास लागतील. जो विक्रेता खोकी उघडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस.

आणि एक प्रश्न विचार, आदराने. 'तुम्ही नेमके कुठे थांबलात?' का थांबलात हे तो सांगेल, मूल झालं, घर बदललं, तब्येत. पण कुठे थांबला तिथे बहुतेकदा एखादा नटबोल्ट असतो जो निघाला नाही. घोडं तिथे पेंड खात असतं आणि उद्या ते तुझ्या गॅरेजमध्ये खाणार.

शिरोली नाका

नमस्कार नोव्हीकर. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत इंजिन बोअर करायचं वर्कशॉप, वडिलांपासून आहे. अमेरिकन व्ही-८ आयुष्यात दोनच उघडलीत, पण ओतीव लोखंड इथून तिथून सारखंच.

स्टँडवरचं इंजिन हाताने फिरतं का ते बघा. क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब पाना लावून हळू फिरवा, दोन पूर्ण फेऱ्या. अडलं तर जोर करू नका. प्लग काढलेले असतील तर भोकातून टॉर्च मारून सिलिंडरची भिंत बघा, चकचकीत हवी, तांबूस कडं दिसलं तर पाणी बसलेलं होतं. आणि आधी कधी बोअर झालंय का ते विचारा, दोनदा झालं असेल तर पुढे भिंत पातळ राहते.

या इंजिनाला कारखान्याने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.७५ दिलंय असं वाचलं. ते त्या काळच्या शिशाच्या पेट्रोलवर ठीक होतं, आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर लोखंडी हेड असताना नॉकिंग करेल, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके मारेल. बांधताना साडेनऊच्या आसपास आणा. दुसरं, यात कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) सपाट टॅपेट असतात, आजच्या तेलात जस्त कमी असतं, जुन्या इंजिनासाठीचं तेल वापरा आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं २००० आरपीएमच्या खाली येऊ देऊ नका. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने हौसेने आयडलवर ठेवून आवाज ऐकत बसायचं ठरवलं, दहाव्या मिनिटाला कॅमची नाकं घासली गेली. नवं कोरं काम, सगळं परत उघडलं.

अबोली

मी गाडीतली नाही पण घरात एक आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे ट्रॉयला दोन गाड्यांचं गॅरेज, एका बाजूला सहा वर्षं एक ओल्ड्समोबाइल. माझी तक्रार नाहीये, ती आता चालते आणि मुलं तिच्यात बसून आईस्क्रीम खायला जातात. पण तीन गोष्टी आधी ठरवल्या असत्या तर सोपं गेलं असतं. जानेवारीत रोजची गाडी बाहेर बर्फात कोणाची राहणार. सबडिव्हिजनचे (आपल्या वसाहतीचे) नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी बंद गाडी ड्राइव्हवेवर ठेवता येत नाही. आणि जुना रंग घासता तेव्हा त्यात शिसं असू शकतं, त्याच कपड्यांनी घरात येऊन पोराला उचलायचं नाही, मी गॅरेजच्या दाराशीच एक बादली आणि खुंटी लावून ठेवली होती.

बायकोला शनिवारी सोबत न्या. विचारायला नाही, बघायला.

डेक्कनची पद्मिनी

मी पुण्यात ८३ ची प्रीमियर पद्मिनी करतेय, व्ही-८ च्या पुढे खेळणंच, तरी खोलताना जे शिकले ते सारखंच असणार. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच भोकात परत अडकवून ठेवा, डब्यात टाकू नका. आणि फोटो काढताना हात किंवा पाना फ्रेममध्ये असू द्या, दोन वर्षांनी कळत नाही भाग उलटा धरलाय की सुलटा. @नोव्हीकर, शनिवारचा वृत्तांत नक्की लिहा, मी वाट बघतेय.

नोव्हीकर

जाऊन आलो. रविवारची सकाळ आहे, घरात सगळे झोपलेत, हाताला अजून जुन्या ग्रीसचा वास येतोय.

बायको आली होती. सकाळी दहाला पोचलो ते अडीचला निघालो. ते काका, नाव लिहीत नाही, फार साधे आहेत. आम्ही पोचायच्या आधी त्यांनी सगळी खोकी टेबलावर मांडून ठेवली होती.

कागद आधी बघितले, सांगितल्याप्रमाणे. पट्टी २४२३७८पी ने सुरू होते, म्हणजे जीटीओ, हार्डटॉप, पाँटियाक शहरातल्याच कारखान्यातली. मन उड्याच मारायला लागलं एकदम. मग टायटल बोट ठेवून वाचलं आणि शेवटून दुसरा आकडा चुकला. पट्टीवर ८, टायटलवर ३. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं, १९८१ साली घेतली तेव्हापासून तसंच आहे. चष्मा लावून तीन वेळा बघितलं त्यांनी.

पत्रा. पुढचे फेंडर आणि दारं चांगली, चुंबक टक्कन बसतो. डावीकडचा मागचा क्वार्टर, चाकाच्या मागे, वीतभर जागेत चुंबक घसरून खाली पडला. डिक्कीतला रबरी गालिचा उचलला तर खालची सिमेंटची जमीन दिसली, चाळण झालीये. मागच्या काचेच्या पन्हळीत दोन भोकं, छपराला रेक्झिन होतंच. चासी छोट्या हातोडीने वाजवत गेलो, सगळीकडे टण्ण, फक्त मागे डाव्या कमानीवर एका जागी बद्द वाजली.

एक गोष्ट सांगतो. गाडी बाहेरून लाल आहे, कधीतरी ऐंशीच्या दशकात मारलेला लाल. मी डॅशबोर्डच्या खाली पाठीवर झोपून वायरिंग बघत होतो आणि स्पीकरच्या कंसामागे तळहाताएवढा हिरवा दिसला. बोनेटखालच्या भिंतीवरची पाटी पुसली, रंगाचा कोड क्यू, म्हणजे व्हर्डोरो ग्रीन. मी बायकोला हाक मारली, तीही बिचारी चटईवर झोपून आत बघायला लागली.

खोकी अकरा, डबे एकेचाळीस. डब्यांवर पांढरी पट्टी चिकटवून काळ्या मार्करने लिहिलंय, हूडची बिजागरी डावी, स्टार्टर, हॅंडब्रेक. काही नावं उडून नुसता पिवळा कागद राहिलाय. एका डब्यात उंदराचं घरटं. मॅन्युअल धरून मोजलं त्यात मला तीन गोष्टी सापडल्या नाहीत: हूडची उजवी बिजागरी, उजव्या मागच्या छोट्या काचेचं रेग्युलेटर, आणि बंपरच्या आतल्या काही पट्ट्या. बंपर स्वतः बरा आहे, टोकाला एकच भेग.

इंजिन शेवटी. हाताने फिरलं, दोन फेऱ्या, मऊ. पण ब्लॉकवर ठोकलेला नंबर २८पी ने सुरू व्हायला हवा तो २०पी ने होतोय, म्हणजे ७० सालच्या कुठल्यातरी पाँटियाकचं आहे. त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, मूळचं त्यांनी घेतलं तेव्हाच नव्हतं.

आणि तो प्रश्न विचारला. कुठे थांबलात. ते काही बोलले नाहीत, डिक्कीपाशी गेले आणि बोट दाखवलं. बॉडी चासीवरून उचलायची होती, सगळे बोल्ट निघाले, मागचा डावा फिरतोय पण निघत नाही, आतला नट सुटून गरगर फिरतो. दोन दिवस झगडले, मग कारखान्यात शिफ्ट बदलली, मग पाठीचं ऑपरेशन. अठ्ठावीस वर्षं त्या एका बोल्टपाशी.

पत्र्याचा माणूस

वाचून अंगावर काटा आला.

त्या नटाची काळजी करू नकोस. तो पिंजऱ्यातला नट असतो, वर डिक्कीच्या फरशीखाली. वरून पत्र्याला चौकोनी खिडकी कापायची, नट पान्यात धरायचा, बोल्ट काढायचा, खिडकी परत वेल्ड करायची. त्यांनी कापलं नसेल कारण तेव्हा फरशी चांगली असेल आणि जीव झाला नसेल. तुझी फरशी तर तशीही जाणार आहे. तू पूर्ण कापून काढशील तेव्हा तो नट समोर उघडा पडेल.

टायटल मात्र दुरुस्त झाल्याशिवाय एक डॉलर देऊ नकोस. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (म्हणजे इथलं आरटीओ) त्यांनाच जाऊ दे, त्यांच्या नावावर आहे. चासीची ती बद्द वाजलेली जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितलीस का?

नोव्हीकर

टोचली. टोक आत गेलं, रुपयाएवढं.

पत्र्याचा माणूस

मग तेवढा तुकडा कापून नवा लावता येईल. पण चासीवर तू शिकू नकोस, ते वेल्डिंग माहीतगाराकडून कर. फरशीवर शीक, तिथे चुकलास तर गालिच्याखाली जातं.

जर्सीवाला

मूळ इंजिन नाही म्हणजे भाव खाली यायला हवा. सात हजारांच्या वर जाऊ नका. एक चांगलं झालं, नंबर जुळत नाही म्हणजे तुम्ही त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन वगैरे मोकळ्या मनाने बदलू शकता. आणि मी माझं मत बदललेलं नाही, पण हिरवा रंग वाचून मलाही ती गाडी बघावीशी वाटतेय.

शिरोली नाका

सत्तरचं ब्लॉक असलं तरी घाबरू नका. हाताने मऊ फिरतंय ही मोठी गोष्ट. हेडवरचे नंबर लिहून घ्या म्हणजे चेंबर किती सीसीचं ते शोधता येईल, कॉम्प्रेशनचा हिशोब त्यावरून.

अबोली

बायको चटईवर झोपून बघायला लागली म्हणजे तुमचं ठरलंय.

नोव्हीकर

पाच आठवड्यांनी वर आणतोय धागा.

टायटल दुरुस्त होऊन आलं. बिलाची प्रतही आली: व्हर्डोरो ग्रीन, काळं रेक्झिनचं छप्पर, चार गिअरचा मॅन्युअल. ७,२०० ला ठरलं. मी सात म्हटलं होतं, त्यांनी साडेसात, आणि मग ते म्हणाले दोनशे दे, हूडची ती उजवी बिजागरी मला सापडली. पोटमाळ्यावर होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

काल दोन फेऱ्यांमध्ये आणली, एकदा ट्रेलरवर गाडी, एकदा भाड्याच्या व्हॅनमध्ये इंजिन आणि डबे. माझी रोजची गाडी या हिवाळ्यात बाहेर राहणार, ते ठरलं. दाराशी बादली आणि खुंटी लावली, अबोलीताई. इथे २५ वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते, ती एरवी शो आणि क्लबच्या कार्यक्रमांपुरती पण ऑगस्टचा पूर्ण महिना कुठेही फिरवता येते. कुठला ऑगस्ट ते आत्ता लिहीत नाही.

आज दुपारी डिक्कीची फरशी कापली, वेल्डिंगच्या वर्गातल्या एकाने ग्राइंडर धरायला मदत केली. नट वरून दिसला, गंजून लालबुंद. पान्यात धरला, खालून बायकोने बोल्ट फिरवला, तिसऱ्या हिसक्याला सुटला. तो मी पुसून बाजूला ठेवलाय.

नऊ डब्यांवरची अक्षरं पार उडालीत, आतले तुकडे मॅन्युअलमध्येही ओळखू येत नाहीयेत. काकांना फोन करून विचारलं. म्हणाले फोनवर नाही सांगता येणार, हातात घ्यावे लागतील, शनिवारी दहाला येतो. तो बोल्ट तेव्हाच दाखवणार आहे.